अण्णांचा कूलर वाढला

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भानुदासअण्णांच्या घरात आजवर एकही वस्तू मोडलेली नाही. फुटलेली नाही, जळालेली नाही, फाटलेली नाही. त्यांच्याकडे वस्तू फक्त वाढतात.

हे मला कळलं ते आम्ही पडेगावच्या या सोसायटीत राहायला आलो त्याच आठवड्यात. वाळूजच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्या पोरांचे डबे मी करते. स्वयंपाकही माझा आणि व्हॅनही मीच चालवते, कारण नवऱ्याला व्हॅन चालवताना रस्ता सोडून सगळं दिसतं. त्या दिवशी माझे दोन्ही हात कणकेत होते आणि दारात एक उंच, वाळके गृहस्थ मिक्सर पोटाशी धरून उभे होते. डोक्यावर टोपी, पायजम्याला कडक इस्त्री.

"माय, आमचा मिक्सर वाढला," ते म्हणाले.

"म्हणजे जळाला?"

त्यांनी पटकन मिक्सरवर हात ठेवला, लहान पोराचे कान झाकावेत तसा. "असं बोलू नाय," ते हळूच म्हणाले. "वाढला. तुमची व्हॅन केंद्राकडून जाती ना? तेवढं त्याला सोडता आलं तर बगा."

केंद्र म्हणजे दौलताबादच्या रस्त्याला असलेली पत्र्याची मोठी शेड. रद्दी, प्लास्टिक, काच, जुने पंखे, गाद्या, मोडकी कपाटं, जे घरात नको असेल ते तिथं नेऊन द्यायचं. वापरण्यासारखं असेल ते कुणी गरजू घेऊन जातो, उरलेलं तोडून कारखान्यात जातं. माझी व्हॅन रविवारी रिकामी असते आणि मी अजून 'नाही' म्हणायला शिकलेले नाही, या दोन्ही गोष्टी अण्णांनी पहिल्या भेटीतच ओळखल्या.

आता बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं, हे मलाही ठाऊक आहे. नारळ वाढवतात, दुकान वाढवतात. पण ही सवलत अण्णांनी चार्जर, बादली, छत्री आणि प्लास्टिकच्या खुर्चीपर्यंत ताणली होती. मी पडले सरळ बोलणारी बाई. भात करपला तर करपला म्हणते आणि वाळूजच्या पोरांना तोच करपलेला भात खाऊ घालते. त्यामुळे अण्णांशी बोलताना पहिले काही महिने मला दर दोन वाक्यांनी ठेच लागायची.

त्यांच्याकडे लाईट जात नाही. अख्खी सोसायटी अंधारात बसलेली असते, लोक गॅलरीत येऊन वीजवाल्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस करत असतात, आणि वरून अण्णांचा शांत आवाज येतो, "लाईट यायलीय." आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही माहीत नसतं. टाकी कोरडी पडली की अण्णा जिन्यातून जाता जाता सांगतात, "माय, टाकीत जागा झालीय." एकदा माझं वांगं तव्यालाच चिकटून राहिलं. चव बघायला दिलं तर ते बराच वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "वांग्याला वांग्याचा रंग आलाय." मी ते कौतुक समजून खालच्या मजल्यावरही वाटीभर पाठवलं.

हे सगळं त्यांच्या नोकरीतून आलं, असं गोदाकाकूंचं म्हणणं. काकू म्हणजे त्यांची बायको. त्या फार बोलत नाहीत. नवऱ्याच्या बोलण्याचा अर्थ लोकांना सांगण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. अण्णा बसस्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारायचे. गाडी रद्द झाली तर ती रद्द झाली असं त्यांच्या तोंडून निघायचं नाही. "सिल्लोडची गाडी उद्या सकाळी वेळेवर सुटेल," असं ते पुकारायचे. प्रवासी खूश होऊन बाकावर पथारी पसरायचे आणि मग उठून चौकशीच्या खिडकीवर भांडायला जायचे. साहेबांनी बोलावून विचारलं तर अण्णा म्हणाले, "साहेब, उद्याची खरंच वेळेवर सुटनार हाय की. त्यात खोटं काय?"

खोटं ते कधीच बोलत नाहीत, याचा त्यांना फार अभिमान आहे. हे लक्षात ठेवा.

तर केंद्र. तिथं फाटकावर नसीमाबाजी बसते; बाजी म्हणजे ताई. शेडच्या उजव्या अंगाला चालू माल, डाव्या अंगाला तोडीचा. आलेली प्रत्येक वस्तू कुठल्या बाजूला टाकायची हे तिला ठरवावं लागतं, म्हणून ती सगळ्यांना एकच प्रश्न विचारते. त्या मिक्सरकडे बोट करून तिनं तोच विचारला.

"क्या हुआ इसको?"

"काय झालं नाय. वाढलाय," अण्णा म्हणाले.

नसीमाबाजीनं मिक्सर हातात घेऊन खालून वरून पाहिला. "कितना बढ़ गया? मेरेकू तो उतनाच दिख रा."

"वाढला म्हंजी... त्याचं काम झालं."

"काम होता है तो चालू में डालूँ?"

"डाला की."

तिनं भिंतीवरच्या बोर्डात प्लग घातला. मिक्सरनं एकदा गुरगुर केली आणि खालून धूर सोडला. नसीमाबाजी खोकत बाजूला झाली. "काका, जला हुआ है ये."

"दमलाय," अण्णा म्हणाले.

मी मध्ये पडून मराठी, हिंदी आणि हातवारे असं सगळं वापरून तिला समजावलं. पुढं पुढं ती शिकली. आमची व्हॅन फाटकातून आत वळली की ती आतल्या माणसांना ओरडून सांगायची, "थका हुआ माल आ रा, बायें बाजू को लेओ!" अण्णांना ते फार आवडायचं. वस्तू डाव्या बाजूला ठेवून झाली की ते तिच्यावर दोनदा हलकेच थोपटायचे आणि म्हणायचे, "येतो बरं का." जातो म्हणायचं नाही, हा तर आपल्याकडे घरोघरचा रिवाज. पण तो स्टीलच्या रॅकला लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की सगळ्याच वस्तू केंद्रावर जात नाहीत. काही वस्तूंना अण्णा हात लावू द्यायचे नाहीत. एक टेबलफॅन होता, एक इस्त्री होती, आणि जिन्याखाली उभा असलेला तो कूलर. आपल्याकडे असतात तसा पत्र्याचा, माणसाच्या छातीइतका उंच, निळा रंग कधीकाळी दिलेला. तळाचा पत्रा गंजून चाळणी झाला होता, मोटार नव्हती, बाजूच्या जाळीतलं गवत कुठल्याशा मांजरीनं बाळंतपणासाठी नेलं होतं.

"हा नको न्यायला," अण्णा म्हणायचे. "लतीफ आला की बगंल."

"कुठं असतात लतीफभाई?"

"फर्दापूरला गेलाय."

हा लतीफ मी कधी पाहिला नव्हता, पण तो मला पाठ झाला होता. अण्णा पूर्वी बेगमपुऱ्यात राहायचे तेव्हा त्यांची आणि लतीफभाईंची भिंतीला भिंत होती. लतीफभाई कूलर बनवायचे. पत्रा कापायचे, ठोकायचे, मोटार बसवायचे, आणि उन्हाळ्यात त्यांच्या दुकानासमोर गिऱ्हाइकांची रीघ लागायची. त्यांचं मूळ गाव फर्दापूर. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायचे आणि भांडायचे. भांडणाचा विषय एकच. लतीफभाई मोटार उघडून बघायचे आणि सांगायचे, "मर गई ये." अण्णा कळवळायचे. "अरे, असं बोलू नाय. वाढली म्हन." त्यावर लतीफभाई हसून म्हणायचे, "भानुदास, तू कोई दिन मेरेकू भी बढ़ा डालेंगा."

"त्याचं तोंड अगदी तुझ्यासारखं माय," अण्णा मला म्हणायचे. "फटकन बोलनारं. तू बोलाय लागली की मला लतीफच बोलल्यावानी वाटतं."

हे बोलणं निघालं की काकू उठून आत चहा ठेवायला जायच्या. कधी कधी आम्ही नुकताच चहा पिऊन कप खाली ठेवलेला असायचा. दुसरा चहाही मी पिऊन टाकायची. चहाला नाही म्हणायलाही मी शिकलेले नाही.

असा तो कूलर जिन्याखाली लतीफभाईंची वाट बघत उभा राहिला. मग यंदाच्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा पाय त्याच्या गंजलेल्या कोपऱ्यावर कापला. इंजेक्शन घ्यावं लागलं. सोसायटीची मीटिंग झाली, आणि जिन्याखालचा कूलर रविवारपर्यंत हलला पाहिजे असं ठरलं. हलवण्याचं काम अर्थातच ज्या बाईकडे व्हॅन आहे तिच्याकडे आलं.

मी वर गेले. अण्णा खुर्चीत बसले होते. सोसायटीचं म्हणणं मी त्यांना सांगितलं.

"पोरीचा पाय बरा हाय का?" त्यांनी आधी विचारलं.

"बरा आहे. पण कूलर काढावा लागेल."

"लतीफ आला की लगेच बगू. तळाचा पत्रा तेवढा बदलायचाय. एका दिवसाचं काम हाय त्याला."

"मग त्यांना फोन लावा ना."

"तिथं फोन लागत नाय."

आता मला हे माहीत आहे की फर्दापूर म्हणजे काही काळं पाणी नव्हे. अजिंठ्याची लेणी बघायला जगभरातून लोक तिथं येऊन उतरतात, चहा पितात, फोटो पाठवतात. शिवाय माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट अडली की ती ढकलून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी म्हटलं, "मग असं करू. रविवारी व्हॅन मोकळीच आहे. सकाळी लवकर निघू आपण दोघं, फर्दापूरला जाऊ आणि लतीफभाईंना घेऊनच येऊ. संध्याकाळपर्यंत कूलर उभा करतील ते. रात्री जेवायला आमच्याकडे."

माझ्या मते ही फारच चांगली सूचना होती. अण्णांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत डोक्यावर घातली. काकू आत गेल्या आणि चहाचं पातेलं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला.

"तू खरंच आली असतीस व्हय गं फर्दापूरला?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय! त्यात काय एवढं?"

"लई लांब हाय," ते म्हणाले.

मी चहा पिऊन खाली आले. म्हातारा हट्टी आहे, असं नवऱ्याला सांगितलं.

रविवारी सकाळी मी उठून बघते तर कूलर जिन्याखालून निघून व्हॅनपाशी येऊन उभा होता. अण्णांनी तो एकट्यानं ओढत आणला होता. फरशीवर गंजाची लांब लाल रेघ उठली होती. बाजूला टेबलफॅन आणि इस्त्री. कूलर स्वच्छ पुसलेला होता. त्याच्या अंगावर कोपऱ्यात, निळ्या रंगाखाली, खिळ्यानं कोरलेली उर्दू अक्षरं दिसत होती. ती मी आधी कधी पाहिली नव्हती.

"फर्दापूरला निघायचं ना?" मी विचारलं.

"नाय. केंद्रावर," अण्णा म्हणाले.

एरवी ते शेजारी बसले की प्रत्येक फाट्याला गावाचं नाव पुकारतात, जुनी सवय. त्या दिवशी फाटे तसेच गेले.

फाटकावर नसीमाबाजीनं आम्हाला बघून नेहमीप्रमाणे आत हाक दिली, "थका हुआ माल आ रा!" आम्ही तिघांनी मिळून कूलर खाली उतरवला. तिनं त्याच्यावर टिचकी मारून बघितली आणि पत्र्याचा आवाज ऐकून मान हलवली. मग सवयीनं विचारलं, "क्या हुआ इसको?"

मी तोंड उघडलं होतं. 'वाढलाय' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता, अण्णांना त्रास नको म्हणून.

"मोडलाय," अण्णा म्हणाले.

नसीमाबाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही दोघींनीही कधी ऐकला नव्हता.

"नै काका," ती म्हणाली, "ऊपर का पत्रा भारी है. ऐसा अब कोई बनाता नै. जिसने बनाया उसकोच दिखाओ ना."

"ज्यानं बनवला त्यो मेला," अण्णा म्हणाले. "लतीफ मेला."

हे त्यांनी असं पुकारलं की आत शेडमध्ये पुठ्ठे बांधणारी माणसंही थांबली. भोंगा हातात नव्हता एवढंच. मग ते तिथं कुणीतरी आणून टाकलेल्या फाटक्या सोफ्यावर बसले आणि त्यांनी टोपी हातात घेतली.

मी त्यांच्याशेजारी बसले.

"तू इथं राहायला यायच्या आधीच," अण्णा सांगू लागले. "सकाळी पत्रा कापत बसला होता. मी आत चहा सांगाय गेलो, बाहेर आलो तर कात्री खाली पडलेली. दुपारी त्याची पोरं म्हनली, चाचा, अब्बा को गाँव ले जा रे. गाडी गल्लीतून गेली, मी ओट्यावरच उभा. कुनीतरी इचारलं, लतीफभाई कुठं गेले? माझ्या तोंडातून निघालं, फर्दापूरला गेला."

त्यांनी हातातली टोपी उलटी-सुलटी केली.

"खोटं नव्हतं माय ते. तिथंच हाय त्यो. त्याच्या बापाशेजारी. मी कुनाला खोटं सांगितलं नाय."

"नाही अण्णा," मी म्हटलं. "तुम्ही खोटं कधीच बोलत नाही."

"पन त्यानं मला बजावलं होतं. भानुदास, मैं मर गया तो सीधा मर गया बोलना. बढ़ गया नक्को बोलना, लोगां हँसते." अण्णांनी बाहीनं डोळे पुसले. "एवढं एक सांगितलं होतं त्यानं. तेवढं बी माझ्यानं झालं नाय. बोललो की सपलं, असं वाटायचं. जवर मी बोलत नाय, तवर त्यो गावाला गेलाय. आन परवा तू म्हनलीस, व्हॅन काढू, त्याला घेऊन येऊ. एवढ्या दिवसांत त्याला आनाय चल असं मला कुनी म्हनलं नव्हतं."

मला रडू आलं. मी ते अडवलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे काकूंचे ते चहाचे कप येत होते, एकामागून एक, आणि मी ते सगळे गोड मानून प्यायले होते.

नसीमाबाजीनं डोक्यावरून ओढणी घेतली होती आणि तिचे ओठ हलत होते. दुआ झाल्यावर ती कूलरपाशी वाकली आणि कोपऱ्यातल्या त्या खरडलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत वाचू लागली. "लतीफ," तिनं वाचलं. पुढं तिला अडलं. तिनं पुन्हा बोट फिरवलं. "लतीफ और... भानुदास. दोनों का नाम है काका."

"व्हय," अण्णा म्हणाले. "त्यानंच कोरलं ते, खिळ्यानं. माझ्याच घरचा हाय ना त्यो कूलर. दोघांनी मिळून बनवलेला. मी फकस्त पत्रा धरला होता."

नसीमाबाजी उभी राहिली आणि आत ओरडली, "ये कूलर दायें बाजू को लेओ रे! नीचे का पत्रा बदल के चालू होता ये!" दोन माणसं आली. अण्णा काहीतरी बोलायला उठले, पण ती म्हणाली, "यहाँ मैं बोलूँगी वो होता काका. तुम बैठो."

त्यांनी कूलर उचलला आणि उजव्या अंगाला, चालू मालात, एका शिलाई मशीनच्या शेजारी ठेवला. अण्णा हळूहळू चालत तिथवर गेले. त्याच्या पत्र्यावर त्यांनी दोनदा थोपटलं. मी वाट बघत होते ते म्हणतील म्हणून. मग वाकून, अगदी हळू, म्हणाले, "येतो बरं का."

परत येताना पहिल्याच फाट्याला त्यांनी गावाचं नाव घेतलं, पण पुकारून नाही, नुसतंच. दुसऱ्या फाट्याला जरा मोठ्यानं. सोसायटीच्या वळणावर ते म्हणाले, "पडेगाव. उतरून घ्या."

व्हॅन आत वळली तसा माझा नवरा गॅलरीत आला. त्याला सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असंच बोलता येतं. वरच्या गॅलरीत काकूही येऊन उभ्या होत्या, कठड्याला धरून.

"काय गं," नवरा ओरडला, "मोडीत गेला का एकदाचा तो कूलर?"

अण्णा दार उघडून एक पाय खाली टाकत होते. ते तिथंच थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग वर पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "फर्दापूरला गेला."

नवऱ्याला काही कळलं नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला. अण्णांनी दुसरा पाय खाली ठेवला, टोपी नीट केली, आणि स्टँडवर पुकारायचे त्या आवाजात म्हणाले, "व्हय. वेळेवर सुटला."